कार्डिगन : गावाच्या मालकीतून गावाचे पुनरुज्जीवन

बंदर गाळाने भरले, रेल्वे बंद झाली, कारखान्याला टाळे लागले. वेल्सच्या पश्चिम किनाऱ्यावरील कार्डिगन या जेमतेम चार हजार वस्तीच्या गावाने हे तिन्ही आघात सोसले आणि नंतर आपल्या उभारणीचे काम बऱ्याच अंशी स्वतःच्या हाती घेतले. या गावाची ओळख, त्याच्या घसरणीची कारणे, पुनरुज्जीवनाचे प्रयोग आणि त्यातून उभे राहिलेले नवे प्रश्न यांचा हा आढावा.

समोरून बटणे असलेल्या लोकरी स्वेटरला ‘कार्डिगन’ म्हणतात, हे सर्वांना ठाऊक आहे. १८५४ मध्ये क्रिमियाच्या युद्धात ब्रिटिश घोडदळाच्या प्रसिद्ध चढाईचे नेतृत्व करणाऱ्या सातव्या अर्ल ऑफ कार्डिगनवरून हे नाव पडले. त्याच्या सरदारकीला ज्या गावाचे नाव होते, ते गाव मात्र जगाच्या फारसे लक्षात राहिले नाही. आखूड पायांच्या कॉर्गी जातीच्या कुत्र्यांमध्ये ‘कार्डिगन’ नावाचा एक स्वतंत्र प्रकार आहे. त्याचे मूळही याच परिसरातले.

ब्रिटनमधील किनारी गावांच्या ऱ्हासाविषयी गेल्या काही दशकांत पुष्कळ लिहिले गेले आहे. त्यावर सरकारी योजना झाल्या, निधी आले, काही ठिकाणी काँक्रीटच्या नव्या इमारतीही उभ्या राहिल्या. कार्डिगनचा मार्ग या सर्वांहून थोडा वेगळा आहे, आणि म्हणूनच तो अभ्यासण्याजोगा आहे.

खाडीकाठचे गाव

वेल्श भाषेत कार्डिगनला ‘अबरतायवी’ म्हणतात. तायवी नदीचे मुख असा त्याचा अर्थ. गाव नेमके समुद्राला लागून नाही. खाडीच्या काठाने तीन-चार किलोमीटर पुढे गेले, की एका बाजूला गुबर्ट हे ठिकाण आणि दुसऱ्या बाजूला पॉपिट सँड्सची विस्तीर्ण पुळण लागते. त्यापलीकडच्या अथांग पाण्याला कार्डिगनचा उपसागर हे नाव या गावावरूनच मिळाले. वेल्सची राजधानी कार्डिफ येथून रस्त्याने सुमारे दीडशे किलोमीटरवर आहे. प्रशासकीयदृष्ट्या गाव केरेडिगियन परगण्यात मोडते. हा परगणा वेल्श भाषेचा एक बालेकिल्ला मानला जातो.

गावाच्या मध्यभागी नदीवरील जुना दगडी पूल आणि त्यावर नजर ठेवणारा किल्ला आहे. नॉर्मन सरदारांनी बाराव्या शतकाच्या प्रारंभी येथे किल्ला उभारला. पुढे ऱ्हीस आप ग्रिफिथ या वेल्श राजाने तो जिंकून ११७१ मध्ये दगडात नव्याने बांधला. ११७६ च्या नाताळात त्याने या किल्ल्यात कवी आणि वादकांच्या स्पर्धा भरविल्या व दोन्ही विजेत्यांना मानाचे आसन दिले. वेल्श संस्कृतीचा मानबिंदू असलेल्या ‘आइस्टेदवोद’ या महोत्सवाचा हाच आरंभ मानला जातो. काव्यस्पर्धा, गायन आणि जत्रा यांचा मिलाफ असलेला हा महोत्सव आजही दरवर्षी भरतो. आठशे वर्षे पूर्ण झाल्यानिमित्त १९७६ चे राष्ट्रीय आइस्टेदवोद कार्डिगनलाच भरले होते. साडेआठशे वर्षांच्या निमित्ताने २०२६ च्या महोत्सवासाठीही जवळच्याच लान्टुड गावाची निवड झाली.

बंदराचे वैभव आणि ओहोटी

एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी कार्डिगन हे वेल्समधील एक महत्त्वाचे बंदर होते. त्या काळी येथे तीनशेहून अधिक गलबतांची नोंद होती. किलगेरन येथील खाणींतला पाटीचा दगड, हेरिंग मासळी आणि धान्य येथून बाहेर जाई, तर चुनखडी व कोळसा येथे उतरे. गावात जहाजबांधणी चाले. दोरखंड वळणारे, शिडे शिवणारे, लोहार, सुतार अशा अनेकांचे पोट या बंदरावर भरे. येथूनच माणसे देशांतरालाही निघत. १८१९ मध्ये ‘अल्बियन’ नावाचे गलबत वेल्श कुटुंबांना घेऊन कॅनडातील न्यू ब्रुन्सविककडे गेले.

या वैभवाला दोन बाजूंनी ओहोटी लागली. नदीने आणलेल्या गाळामुळे खाडी उथळ होत गेली आणि त्याच सुमारास जहाजांचे आकार वाढत गेले. मोठी जहाजे आत येईनात. दुसरीकडे रेल्वेने मालवाहतुकीचे गणितच बदलले. १८८६ मध्ये रेल्वे कार्डिगनला पोहोचली. स्थानिक लोक तिला लाडाने ‘कार्डी बाख’, म्हणजे छोटी कार्डी म्हणत. मात्र ती बंदराच्या मदतीला येण्याऐवजी त्याच्या मुळावरच आली. पुढे मोटारींच्या युगात रेल्वेचीही गरज उरली नाही. १९६२ मध्ये प्रवासी गाड्या थांबल्या आणि पुढल्या वर्षी मालगाड्याही. तेव्हापासून आजवर गावाला रेल्वे नाही.

हा काळ एकंदरीतच वेल्सच्या किनारपट्टीला कठीण गेला. स्वस्त विमानप्रवासामुळे ब्रिटिश कुटुंबे सुटीसाठी स्पेनकडे वळली. उत्तरेकडील ऱ्हिल येथील समुद्रात शिरणारा जुना धक्का १९७३ मध्ये पाडण्यात आला. कॉल्विन बे येथील व्हिक्टोरिया धक्क्याचा काही भाग २०१७ मध्ये कोसळला व पुढल्या वर्षी तो उतरविण्यात आला. दक्षिणेकडील बॅरी बेटावरील प्रसिद्ध सुटी-छावणी १९९६ मध्ये बंद झाली. या गावांची सारी भिस्त पर्यटकांवर होती. कार्डिगनचे तसे नव्हते. त्याला एका कारखान्याने तारले होते.

चारशे जोड्या हात

ड्यूहर्स्ट कंपनीच्या कार्डिगन येथील कारखान्यात जीन्स शिवल्या जात. मार्क्स अँड स्पेन्सर या बड्या दुकानसाखळीला हा माल जाई. भरभराटीच्या काळात आठवड्याला ३५ हजार जीन्स येथून बाहेर पडत आणि सुमारे चारशे माणसे तेथे काम करीत. चार हजार वस्तीच्या गावात चारशे नोकऱ्या म्हणजे दर दहा माणसांमागे एक. प्रत्येक गल्लीत त्या कारखान्याचा पगार येत होता, असे म्हटले तरी वावगे ठरणार नाही.

२००२ मध्ये हा कारखाना बंद झाला. मजुरी स्वस्त असलेल्या मोरोक्कोत उत्पादन हलविण्यात आले. कामगारांचे कौशल्य कमी पडले नव्हते की मालाचा दर्जाही घसरला नव्हता. निर्णय केवळ खर्चाच्या हिशेबाने झाला आणि तो गावाबाहेर झाला. कार्डिगनच्या पुढील सर्व घडामोडी समजून घेण्यासाठी हा मुद्दा ध्यानात ठेवणे आवश्यक आहे. बंदर निसर्गाने नेले, रेल्वे सरकारने नेली आणि कारखाना कंपनीने नेला. यापैकी एकाही प्रसंगी गावाला कुणी विचारले नव्हते.

टेकूंवरचा किल्ला

ज्या किल्ल्यात आइस्टेदवोदचा जन्म झाला, त्याची अवस्था तर लाजिरवाणी होती. तो खासगी मालकीचा होता. तटबंदीच्या आतील जॉर्जियन काळातील वाडा राहण्यास अयोग्य ठरला होता, बागेत रान माजले होते आणि तटाची भिंत रस्त्यावर कोसळू नये म्हणून तिला बाहेरून पोलादी टेकू दिलेले होते. गावात शिरणाऱ्या प्रत्येकाला आधी हे टेकू दिसत.

कारखाना बंद पडल्यानंतर वर्षभरातच, २००३ मध्ये, केरेडिगियनच्या परगणा परिषदेने किल्ला पाच लाख पौंडांना विकत घेतला. मोडकळीस आलेल्या वास्तूवर सार्वजनिक पैसा घालावा काय, अशी कुरबुर साहजिकच झाली. जतनासाठी स्थापन झालेल्या स्थानिक विश्वस्त संस्थेने मात्र पाठपुरावा सोडला नाही. ब्रिटनच्या राष्ट्रीय लॉटरीतून चालणारा वारसा निधी, युरोपीय संघाचा विकास निधी आणि वेल्श सरकार यांच्याकडून मिळून सुमारे १ कोटी २० लाख पौंडांचा प्रकल्प आकाराला आला. एप्रिल २०१५ मध्ये किल्ला लोकांसाठी खुला झाला. २०१७ मध्ये ‘चॅनेल फोर’ वाहिनीच्या ब्रिटनमधील सर्वोत्कृष्ट जीर्णोद्धारासाठीच्या स्पर्धेत त्याने प्रथम क्रमांक मिळविला.

पुरस्कारापेक्षाही महत्त्वाची आहे ती किल्ल्याची नवी व्यवस्था. येथे प्रदर्शन आहे, मुक्कामाच्या खोल्या आहेत, ‘११७६’ हे नाव मिरविणारे उपाहारगृह सुरू झाले, खुल्या प्रांगणात मैफली होतात, विवाह लागतात आणि वेल्श भाषेचे वर्गही भरतात. बाग राखण्यापासून पाहुण्यांना माहिती देण्यापर्यंत अनेक कामे स्वयंसेवक करतात. तिकीट काढून पाहायची आणि विसरून जायची वास्तू असे त्याचे स्वरूप ठेवलेले नाही. गावाचे अंगण म्हणून तो वापरात राहावा, हा हेतू त्यामागे होता.

भाग घ्या, गाव घ्या

सार्वजनिक निधीतून किल्ला उभा राहत असताना गावात दुसराही एक प्रयोग सुरू होता. त्यात सरकारपेक्षा रहिवाशांचा खिसा मोठा ठरला. ‘फोर-सी-जी’ या नावाने ओळखली जाणारी सहकारी संस्था २०१० च्या सुमारास स्थापन झाली. ग्रामीण भाग टिकविणारी आणि त्याला आधार देणारी संस्था, असा तिच्या मूळ वेल्श नावाचा आशय आहे.

संस्थेची कल्पना सोपी होती. गावातील मोक्याच्या जागा बाहेरच्या गुंतवणूकदारांच्या हाती जाण्याआधी गावानेच विकत घ्यायच्या. त्यासाठी रहिवाशांना भाग विकण्यात आले आणि शेकडो लोकांनी ते घेतले. अशा सामुदायिक भागांची शेअर बाजारात खरेदी-विक्री होत नाही. कुणी कितीही भाग घेतले, तरी मत एकच असते. त्यामुळे एखादा धनवान संस्था गिळंकृत करू शकत नाही. या भांडवलातून मध्यवर्ती पुल्हाय भागातील इमारती व मोकळी जागा घेण्यात आली. पुढे गावातील जुने पोलीस ठाणे आणि न्यायालयाची इमारतही संस्थेकडे आली. जागा स्थानिक व्यावसायिकांना भाड्याने देण्यात आल्या आणि मोकळ्या जागेत स्वस्त दराचे वाहनतळ सुरू झाले.

वाहनतळासारखी क्षुल्लक गोष्ट गावाच्या उद्धाराशी कशी जोडली जाते, असा प्रश्न पडू शकतो. त्याचे उत्तर २०१५ मधील एका घटनेत सापडते. त्या वर्षी अज्ञात समाजकंटकांनी परिषदेच्या वाहनतळांवरील पैसे घेणारी यंत्रे फोडली. नवी यंत्रे येईपर्यंत काही काळ गावात गाडी लावणे फुकट झाले आणि दुकानदारांनी गिऱ्हाईक वाढल्याचे सांगितले. रेल्वे नसलेल्या गावात प्रत्येक गिऱ्हाईक रस्त्यानेच येते. गाडी लावायला पैसे पडणार असतील, तर ते गावाबाहेरच्या मोठ्या सुपरमार्केटकडे वळते, कारण तेथे वाहनतळ मोफत असतो. वाहनतळाचा दर कोण ठरवितो, यावर मुख्य रस्त्यावरील खाटिकाची आणि बेकरीवाल्याची दुकाने चालतात.

जीन्स परत आल्या

डेव्हिड आणि क्लेअर हायट या दाम्पत्याने २०११ मध्ये ‘ह्यूट डेनिम’ कंपनीची स्थापना केली. कार्डिगनमध्ये पुन्हा जीन्स शिवायच्या, हा तिचा उद्देश होता. यंत्रे विकत मिळतात, पण हाताला वळण लागायला वर्षे जातात. ते वळण असलेली माणसे गावात रिकामी बसली होती. कंपनीने जुन्या कारखान्यातील अनुभवी कारागिरांना कामावर घेतले, त्यांना ‘ग्रँड मास्टर’ असा किताब दिला आणि प्रत्येक जीन्सवर ती शिवणाऱ्याची सही घालण्याची प्रथा सुरू केली. कपडा फाटल्यास तो मोफत दुरुस्त करून देण्याचे वचनही गिऱ्हाइकांना दिले.

जानेवारी २०१८ मध्ये राजपुत्र हॅरी यांच्या तत्कालीन वाग्दत्त वधू मेगन मार्कल कार्डिफच्या दौऱ्यावर ‘ह्यूट’ची जीन्स घालून आल्या. त्यानंतर मागण्यांचा ओघ इतका वाढला, की ग्राहकांना महिनोन्महिने वाट पाहावी लागली आणि कंपनीने मोठ्या जागेत बस्तान हलविले. तथापि या यशाचे मोजमाप तारतम्याने करायला हवे. चारशे नोकऱ्यांची जागा या छोट्या कंपनीने भरून काढली, असे म्हणता येणार नाही. तिच्याकडील माणसे मोजकीच होती आणि तिच्या जीन्सची किंमत सामान्य गिऱ्हाइकाला परवडणारी नव्हती. तिने दोन गोष्टी मात्र साधल्या. नामशेष होऊ घातलेले कौशल्य पुढच्या पिढीपर्यंत नेण्याची सोय झाली आणि गावाला आपल्याविषयी सांगण्यासारखे काहीतरी मिळाले.

रंगभूमी, कंदील आणि डॉल्फिन

गावात ‘थिएटर मुल्दान’ ही रंगसंस्था १९८३ पासून कार्यरत आहे. २००४ मध्ये तिचा मोठा विस्तार झाला. नाटक आणि चित्रपट दाखविण्यावर ती थांबली नाही. वेल्श वीणावादिका कॅट्रिन फिंच आणि सेनेगलचे कोरावादक सेकू केइटा यांच्या गाजलेल्या जुगलबंदीच्या निर्मितीत या संस्थेचा वाटा आहे. २०१९ मध्ये या जोडीला बीबीसी रेडिओ टूच्या लोकसंगीत पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट जोडीचा मान मिळाला. ‘स्मॉल वर्ल्ड थिएटर’ ही दुसरी संस्था दर डिसेंबरात कागदी कंदिलांची भव्य मिरवणूक काढते. गावकरी आठवडेच्या आठवडे खपून कंदील बनवितात. पर्यटक नसलेल्या हिवाळ्यात गाव स्वतःसाठी जमते, हे या मिरवणुकीचे खरे मोल.

निसर्गाचाही असाच उपयोग करून घेण्यात आला. ज्या मार्गाने ‘कार्डी बाख’ धावत असे, त्यावर आता तायवीच्या पाणथळ अभयारण्यातून जाणारी पायवाट आहे. २००८ मध्ये कार्डिगनपासून उत्तरेकडे सुमारे शंभर किलोमीटरचा केरेडिगियन किनारा मार्ग खुला झाला. २०१२ मध्ये वेल्सच्या संपूर्ण किनाऱ्याला वळसा घालणारा सुमारे १,४०० किलोमीटरचा पदभ्रमण मार्ग पूर्ण झाला, तेव्हा हा मार्ग त्याचाच भाग बनला. उपसागरातील डॉल्फिन पाहण्यासाठी नौका निघतात. पायी फिरणारा माणूस गावात मुक्काम करतो, जेवतो, खरेदी करतो. शिवाय तो पावसाळी एप्रिलातही येतो. त्यामुळे हंगाम लांबतो.

यशाची किंमत

गाव सुंदर झाले, की ते बाहेरच्यांना हवेसे वाटू लागते. सुटीपुरते घर घेणाऱ्या धनिकांमुळे वेल्सच्या किनाऱ्यावरील घरांच्या किमती स्थानिक पगारदारांच्या आवाक्याबाहेर गेल्या आहेत. शिक्षणासाठी बाहेर पडलेल्या तरुणाला परत येऊन घर घेणे कठीण होते. हिवाळ्यात बंद खिडक्यांची रांग असलेल्या गल्लीत शाळेला मुले आणि दुकानाला गिऱ्हाइके कोठून मिळणार? वेल्श सरकारने एप्रिल २०२३ पासून दुसऱ्या घरांवर तीनशे टक्क्यांपर्यंत अधिभार लावण्याची मुभा स्थानिक परिषदांना दिली, ती याच कारणासाठी.

घराच्या प्रश्नाशी भाषेचा प्रश्न निगडित आहे. केरेडिगियनमध्ये वेल्श बोलणाऱ्यांचे प्रमाण २०११ च्या जनगणनेत ४७.३ टक्के होते, ते २०२१ मध्ये ४५.३ टक्क्यांवर आले. संपूर्ण वेल्समध्ये ते १७.८ टक्के आहे. २०५० पर्यंत वेल्श भाषकांची संख्या दहा लाखांवर नेण्याचे उद्दिष्ट सरकारने २०१७ मध्ये जाहीर केले. भाषा वर्गात शिकविता येते, परंतु ती जगते दुकानात, मैदानात आणि शेजाऱ्याच्या दारात. तरुण कुटुंबेच गावात राहिली नाहीत, तर ११७६ चा वारसा सांगणारा किल्ला असूनही त्याची भाषा बोलणारे कोणी उरणार नाही.

तिसरा प्रश्न पैशाचा. पश्चिम वेल्सचे दरडोई उत्पन्न युरोपीय सरासरीच्या ७५ टक्क्यांहून कमी असल्याने २००० सालापासून या भागाला युरोपीय संघाचा भरीव निधी मिळत होता. किल्ल्याच्या कामातही तो लागला. २०१६ च्या सार्वमतात वेल्सने संघाबाहेर पडण्याच्या बाजूने कौल दिला. केरेडिगियनने मात्र राहण्याच्या बाजूने, सुमारे ५४ टक्के मते दिली होती. संघ सुटला आणि त्या निधीचा मार्गही बंद झाला.

चौथा प्रश्न कायद्याचा आहे. स्कॉटलंडमध्ये २००३ च्या कायद्याने ग्रामीण समुदायांना जमीन विक्रीला निघाल्यास ती प्रथम घेण्याचा हक्क मिळाला. इंग्लंडमध्ये २०११ च्या कायद्याने, समुदायाला मोलाची वाटणारी इमारत विकली जाण्यापूर्वी बोली लावण्यासाठी अवधी मिळू लागला. वेल्समध्ये अशी तरतूद झाली नाही. २०२२ मध्ये वेल्श संसदेच्या समितीने या विषयासाठी आयोग नेमण्याची शिफारस केली. कार्डिगनकरांनी जागा घेतल्या त्या कायद्याच्या आधाराने नव्हेत. वेळेवर पैसे उभे करून घेतल्या. दर वेळी, दर गावाला ते जमेलच असे नाही.

काय घ्यावे?

कार्डिगनच्या कहाणीतून कोणतेही तयार सूत्र हाती लागत नाही. येथे किल्ला होता, कुशल हात होते, नदी आणि समुद्र होता. प्रत्येक गावाकडे हे असेल असे नाही. मात्र एक गोष्ट ठळकपणे दिसते. ज्या प्रयोगांत मालकी किंवा निर्णयाचा अधिकार गावात राहिला, ते प्रयोग गावाच्या उपयोगी पडले. विश्वस्त संस्थेचा किल्ला, रहिवाशांच्या भागांतून घेतलेले वाहनतळ आणि जुन्या कारागिरांच्या हाताने चाललेला कारखाना या तिन्हींत हे सूत्र समान आहे. याउलट, आज गावाला ज्याची सर्वाधिक चिंता वाटते, त्या घरांची मालकी झपाट्याने गावाबाहेर जात आहे. गावाने दुकाने आणि किल्ला राखला. घरे राखता येतात काय, यावर पुढच्या पिढीचे कार्डिगन ठरेल.

कार्डिगन : एका दृष्टिक्षेपात

११७६ : किल्ल्यात पहिले आइस्टेदवोद
१८८६ : रेल्वेचे आगमन
१९६२ : प्रवासी रेल्वे बंद
१९८३ : थिएटर मुल्दानची सुरुवात
२००२ : ड्यूहर्स्टचा जीन्स कारखाना बंद
२००३ : परगणा परिषदेकडून किल्ल्याची खरेदी
२०११ : ह्यूट डेनिमची स्थापना
२०१५ : जीर्णोद्धारानंतर किल्ला जनतेसाठी खुला
२०२३ : दुसऱ्या घरांवर वाढीव अधिभाराची मुभा